दुपार तिशीची, पहाट आठाची : खानदेशातला हिवाळा आणि सायकल

खानदेशातल्या सायकलवाल्याला उन्हाळ्यानं घडवलेलं असतं. एप्रिल-मेमध्ये जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांना टेकला की पहाटे पाचला निघायचं आणि ऊन तापायच्या आत घरी यायचं, याला दुसरा इलाज नसतो. ही सवय अंगात इतकी मुरते की दिवाळी होऊन गेली, थंडी पडली, तरी गजर पाचचाच राहतो. मग हिवाळ्याची तयारी म्हणजे स्वेटर, हातमोजे आणि कानटोपी एवढाच अर्थ होतो. माझं म्हणणं असं, की आधी घड्याळ बदलावं आणि मग कपाटाकडे वळावं.

वर्षातला सर्वांत लहान दिवस २१-२२ डिसेंबरचा. पण सर्वांत उशिराचा सूर्योदय त्या दिवशी होत नाही. तो पुढे सरकत राहतो आणि जानेवारीच्या मध्याला जळगावात सूर्य सात वाजून सात-आठ मिनिटांनी उगवतो. धुळं थोडं पश्चिमेला, म्हणून तिथं आणखी तीनेक मिनिटं उशीर. शिवाय रात्रभर जमीन आपली उष्णता आकाशात सोडत असते आणि सूर्य वर आल्यावरही काही वेळ तिची जमा खर्चापेक्षा कमीच असते. त्यामुळे दिवसातलं सर्वांत कमी तापमान मध्यरात्री नव्हे, तर सूर्योदयाच्या आसपास, पुष्कळदा त्याच्या जरा नंतर नोंदलं जातं. पाचला घर सोडणारा माणूस म्हणजे दोन तास काळोखात काढून नेमक्या सर्वांत थंड घटकेला रस्त्यावर असतो. आठला निघणाऱ्याला उजेड मिळतो, दर अर्ध्या तासाला हवा ऊबदार होत जाते, आणि अकरा-बारापर्यंत सायकल चालवली तरी ऊन बाधत नाही. वर्षातून तीनच महिने मिळणारी ही सवलत पाचच्या गजरापायी घालवू नये.

आपल्याकडच्या थंडीचं मर्म कोरड्या हवेत आहे. समुद्र लांब, पाऊस संपलेला, आकाश निरभ्र. ढग आणि बाष्प नसले की जमिनीतून निघणारी उष्णता अडवायला वर काही उरत नाही. त्यात उत्तरेत बर्फ पडून गेल्यावर तिकडचे वारे खाली आले की जळगाव दहाच्या खाली घसरतं आणि धुळं कधीकधी पाच-सहा अंशांपर्यंत जातं. सातपुड्यात तोरणमाळ, डाब या भागात दव गोठल्याच्या बातम्या तर दरवर्षीच्याच. समुद्रसपाटीपासून जेमतेम अडीचशे मीटरवरचं धुळं त्याच्या दुपटीहून उंचावरच्या निफाडशी राज्यातल्या नीचांकासाठी बरोबरी करतं, हे नवलच आहे. धुळ्याचा जो आकडा पेपरात येतो तो बहुधा कृषी महाविद्यालयाच्या आवारातला असतो. डांबर आणि सिमेंट रात्रभर ऊब सोडत राहतात, म्हणून भर शहरात थंडी एवढी नसते. तरी सायकलस्वारानं आकडा कृषी महाविद्यालयाचाच धरावा, कारण शेवटचा पेट्रोलपंप मागे पडला की तोही उघड्या शेतांमधूनच जात असतो. मैदानी भागात किमान तापमान १० अंशांवर किंवा त्याखाली आलं आणि ते सरासरीपेक्षा निदान ४.५ अंशांनी कमी असलं, की हवामान खातं थंडीची लाट जाहीर करतं. तो इशारा आला की सकाळची फेरी एक तास पुढे ढकलावी.

थंड हवा जड असते, ती वाहत जाऊन खोलगट जागी साचते. मोटारीत बसलेल्याला हे कधी कळणार नाही, पण सायकलवर असताना रस्ता नाल्याच्या फरशीकडे उतरू लागला की गुडघ्यांना एकदम गारठा झोंबतो आणि पलीकडचा चढ चढताच तो जातो. गिरणाकाठी, पांझराकाठी, तापीच्या अंगानं जाणाऱ्या वाटांवर हे हमखास जाणवतं. धुकं आधी धरतं तेही अशाच सखल जागी. बागायत असेल तर आणखीच. यावल-रावेरच्या केळीपट्ट्यात कडाक्याच्या रात्री बागेला पाणी देतात आणि बांधावर काडीकचरा पेटवून धूर करतात, कारण पारा दहा-बारा अंशांखाली गेला की केळीची वाढ थांबते, पानं पिवळी पडतात. शेतकऱ्याला तो धूर हवाच असतो. पण रस्त्यावर धुकं आणि धूर एक होऊन समोरचं दिसेनासं होतं, हे त्या भागात पहाटे सायकल घेऊन जाणाऱ्यानं लक्षात ठेवावं.

पहाटे ८ अंश आणि त्याच दिवशी दुपारी २८ ते ३०! खानदेशी हिवाळ्याचं सगळं गणित या वीस अंशांत आहे. युरोपातल्या हिवाळी सायकलिंगच्या सल्ल्यात बर्फ असतो, रस्त्यावर टाकलेलं मीठ असतं, खिळे बसवलेले टायर असतात. तिथं दिवसभर थंडीच असते, म्हणून एकदा चढवलेले कपडे दिवसभर चालतात. इथं सकाळी जे अंगावर हवं असतं ते दहा वाजता ओझं होतं. म्हणून कपडे निवडताना ते किती ऊबदार आहेत यापेक्षा ते चालत्या सायकलवरून किती सहज उतरतात आणि घडी करून कुठे मावतात, हे आधी पाहावं. जाडजूड लोकरीचा स्वेटर या परीक्षेत नापास होतो. पातळ विंडचीटर पास होतो.

वारा अडवणं हेच मुख्य काम. उत्तर अमेरिकेत वाऱ्यामुळे जाणवणाऱ्या थंडीचं जे सूत्र वापरतात, त्यानुसार हवा ८ अंश असताना ताशी २० किलोमीटरच्या वेगानं अंगाला साधारण ५ अंशांची थंडी जाणवते. ताशी ४०नं उतार उतरताना ती ३ अंशांवर येते. वारा पडलेला असला तरी सायकलस्वार स्वतःचा वारा स्वतःच तयार करत असतो. कन्नड घाट चाळीसगावकडे उतरताना किंवा लळिंगचा उतार धुळ्याकडे उतरताना पाय फिरत नसतात, शरीर उष्णता तयार करत नसतं, आणि चढावर आलेला घाम अंगावर गार पडतो. म्हणून चढ सुरू व्हायच्या आधी विंडचीटरची झिप उघडून टाकावी आणि माथ्यावर थांबून, घाम पुसून, विंडचीटर गळ्यापर्यंत बंद करून मगच उतरावं. विंडचीटर नसेल तर छातीवर, कपड्याच्या आत, वर्तमानपत्र घालावं. आल्प्समधल्या खिंडी ओलांडणारे टूर द फ्रान्सचे स्पर्धक माथ्यावरच्या प्रेक्षकांकडून वर्तमानपत्र घेऊन हेच करत, आणि आपल्याकडचे मोटरसायकलवाले दूधवाले तेच करतात. कागदाच्या थरांमध्ये हवा अडकते, वारा आत शिरत नाही, आणि काम झालं की तो घडी करून ठेवता येतो.

कापसाच्या मुलखात सांगायला जड जातं, पण सांगायला हवं : अंगालगतचा थर सुती नको. सूत घाम शोषतं आणि धरून ठेवतं. ओलं झालं की त्यातली हवा जाते आणि ऊब संपते. उन्हाळ्यात हाच गुण आपल्याला थंडावा देतो, हिवाळ्यात तोच नडतो. अंगालगत पॉलिस्टरचा घट्ट टी-शर्ट, त्यावर पूर्ण बाह्यांचा सैलसर शर्ट आणि वर विंडचीटर, एवढ्यात खानदेशातला कोणताही हिवाळा निघतो. बाह्यांसाठी जुने लांब मोजे घ्यावेत, पुढचं टोक कापावं आणि कोपरावर चढवावेत. ऊन आलं की मनगटापर्यंत सरकवले किंवा खिशात टाकले, काम झालं. घरातून निघताना किंचित थंडी वाजली पाहिजे. दारातच ऊबदार वाटत असेल तर जळगावाबाहेरचं पाळधी यायच्या आत घाम फुटेल.

हातांची गोष्ट मात्र वेगळी, तिथं काटकसर करू नये. थंडीत शरीर रक्त पोटा-छातीकडे राखतं आणि बोटांकडचा पुरवठा कमी करतं. बोटं बधिर झाली की ब्रेक दाबल्याचा अंदाज चुकतो, आणि कुत्रं आडवं आल्यावर तो अर्धा सेकंद फार महाग पडतो. पूर्ण बोटांचे, तळव्याला रबरी ठिपके असलेले हातमोजे कुठल्याही बाजारात मिळतात. फार गारठा असेल तर त्यात पातळ मोज्याचा दुसरा थर घालावा. रस्त्याकडेला शेकोटी दिसली तर थांबावं, तिथल्या मंडळींशी दोन शब्द बोलावेत. पण बधिर बोटं आगीच्या अगदी जवळ नेऊ नयेत, चटका बसल्याचं उशिरा समजतं. पायांना दोन मोजे घालताना बूट घट्ट होत नाहीत ना, हे पाहावं. घट्ट बुटात रक्त फिरत नाही आणि दोन मोज्यांतही पाय गारच राहतात. माकडटोपी टाळावी. तिच्यावर हेल्मेट नीट बसत नाही आणि मागून येणारा ट्रक ऐकू येत नाही. हेल्मेटखाली पातळ कापडी टोपी किंवा कपाळावरून कानाच्या वरच्या भागापर्यंत येणारी पट्टी पुरते. गार वाऱ्यानं डोळ्यांतून पाणी येतं, त्यासाठी पहाटे पांढऱ्या काचेचा चष्मा बरा.

शरीराच्या तयारीबद्दल थोडक्यात, पण गंभीरपणे. थंडीत रक्तवाहिन्या आकसतात आणि रक्तदाब वाढतो. पन्नाशी ओलांडलेल्यांनी, हृदयाचा किंवा दम्याचा त्रास असलेल्यांनी घराबाहेर पडताच जोर लावू नये. पहिली पंधरा-वीस मिनिटं हलक्या गिअरमध्ये, नाकानं श्वास घेत काढावीत. तोंडावर रुमाल बांधला तर आत जाणारी हवा थोडी ऊबदार आणि ओलसर होते. पहाटेच्या हवेला आपण शुद्ध म्हणतो, हिवाळ्यात ते नेहमी खरं नसतं. जमिनीलगत थंड हवेचा थर बसलेला असतो आणि त्यावर तुलनेनं गरम हवेचं झाकण असतं. शेकोट्या, पेटवलेला कचरा, वीटभट्ट्या, महामार्गावरची वाहनं यांचा धूर त्या झाकणाखाली कोंडतो. ऊन चढलं की झाकण मोडतं आणि हवा मोकळी होते. दमेकऱ्यानं आठनंतर निघावं, याला हेही एक कारण आहे.

तहान लागत नाही म्हणून पाणी न पिणं ही हिवाळ्यातली सार्वत्रिक चूक. कोरड्या हवेत प्रत्येक श्वासासोबत शरीरातलं पाणी बाहेर पडतं, आणि थंडीत लघवीही जास्त होते. बाटलीत निघताना कोमट पाणी भरलं तर ते प्यायलं जातं. खाण्याची चिंता मात्र आपल्या भागात करायला नको. खिशात दोन केळी, तिळाची चिक्की, वाटेत पोहे आणि चहा. डिसेंबर-जानेवारीत सायकलींचे गट शेतावरच्या भरीत पार्टीलाही जातात. पऱ्हाटीच्या जाळावर भाजलेली वांगी आणि कळण्याची भाकरी. जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, ते खाणाऱ्याला पटायला वेळ लागत नाही. फक्त एक : पार्टी संध्याकाळची असेल तर परतीची सोय अंधार धरूनच करावी. नोव्हेंबरअखेर सूर्य पावणेसहालाच मावळतो, पाठोपाठ हवा भराभर गार होते, आणि पोट भरल्यावर माणूस सावकाश चालवतो. दुपारी नको वाटलेला विंडचीटर तेव्हा लागतो.

आता सायकल. पावसाळ्यात हबमध्ये, पॅडलच्या एक्सलमध्ये पाणी आणि गाळ शिरलेला असतो. दिवाळीच्या सुमारास एकदा पूर्ण ओव्हरऑइल करून घ्यावं : छर्रे धुऊन नवं ग्रीस, चाकांचा आउट काढणं, ब्रेकचे रबर पाहणं. मागून आवाज आला की आपण चेनमध्ये तेल सोडतो, पण कुठलं तेल? घरात पुष्कळदा खोबरेल हाताशी असतं. खोबरेल २४ अंशांच्या आसपास गोठतं. हिवाळ्यात न्हाणीघरातली बाटली उन्हात ठेवावी लागते ती याचमुळे, आणि चेनवरही त्याचं तेच होतं. काळं झालेलं जुनं इंजिन ऑइलही नको, ते काळ्या मातीचा फुफाटा ओढून घेतं आणि साखळी घासून काढणारा लेप तयार होतो. शिलाई मशीनचं पातळ तेल एकेका कडीवर थेंब थेंब सोडावं, पायडल फिरवावं आणि वरचं सगळं फडक्यानं पुसून घ्यावं. तेल कडीच्या आत हवं, बाहेर कोरडं हवं. शेतरस्त्यांवर जाणाऱ्यांनी हे आठवड्याला केलं तरी जास्त नाही.

टायरमधल्या हवेचं गणित मजेदार आहे. दुपारी ३० अंशांत ६० पीएसआय भरलेलं चाक पहाटे ८ अंशांत सुमारे ५५ दाखवतं. हवा कुठे गेलेली नसते, ती आकसलेली असते. त्यामुळे सकाळी चाक जरा मऊ लागलं की पंक्चर समजून घाबरू नये. सकाळीच पंप मारून दाब पाहावा. साध्या सायकलीला मात्र व्हॉल्व्हवरची रबरी नळी, म्हणजे वालट्यूब, खरोखरच दगा देते. जुनी झाली की ती चिरते. चार आण्याचा काळ गेला तरी ती आजही फार स्वस्त आहे. हिवाळ्याच्या सुरुवातीला दोन्ही चाकांची बदलून टाकावी.

खरं पंक्चर होतं ते सराट्यांनी. पावसाळ्यात जमिनीवर पसरणारा, पिवळ्या फुलांचा हा गोखरूचा वेल दिवाळीनंतर वाळतो आणि त्याची काटेरी फळं रस्त्याच्या कडेला विखुरतात. फळ कसंही पडलं तरी एखादा काटा वर राहतोच. त्यात वेड्या बाभळीच्या तोडलेल्या फांद्यांची भर. म्हणून हिवाळा हा आपल्याकडे पंक्चरचा हंगाम असतो. ट्रक आला की मातीत उतरायचं आणि पुन्हा डांबरावर चढायचं, या खेळात काटे घुसतात. काटा दिसताक्षणी उपटू नये, ट्यूबमध्ये पोचला असेल तर हवा जाईल. पंक्चरचं सामान हाताशी असताना किंवा दुकानापाशीच तो काढावा. ट्यूबमध्ये सीलंट घालणं, टायरच्या आत जुन्या ट्यूबची पट्टी ठेवणं, दोन्ही उपाय चालतात. पट्टीनं सायकल थोडी जड होते, पण रोज शेतावर जाणाऱ्याला तेच परवडतं.

रस्त्यावरचा मोठा धोका थंडीचा नाही, दिसण्या-न दिसण्याचा आहे. सुरत-धुळे-जळगाव-नागपूर हा ५३ क्रमांकाचा महामार्ग आपल्या भागात पूर्व-पश्चिम धावतो. हिवाळ्यात सूर्य आग्नेयेच्या अंगानं उगवतो आणि बराच वेळ खालीच राहतो. सकाळी धुळ्याहून पारोळ्याकडे जाताना तो समोर, किंचित उजवीकडे, डोळ्यांत येतो. तो आपल्याच नव्हे, मागून येणाऱ्या ड्रायव्हरच्याही डोळ्यांत येतो, आणि धुळीनं माखलेल्या काचेमागे बसलेल्या त्या माणसाला आपण मुळीच दिसत नसतो. उलट, जळगावहून पाळधी-एरंडोलच्या दिशेनं निघालं तर सूर्य पाठीशी असतो, आपली पाठ उजळलेली असते. संध्याकाळी हेच उलटं. म्हणून सकाळची फेरी पश्चिमेकडे निघणारी आखावी, परतीला सूर्य वर चढलेला असतो. तरीही मागचा लाल दिवा दिवसाही चालू ठेवावा. हंगाम कापसाचा असतो. जिनिंगकडे निघालेल्या ट्रॉल्या दोन्ही बाजूंनी फुगलेल्या असतात, अनेकांना मागे दिवा नसतो, आणि त्यांना ओलांडताना अंदाज फसतो. त्यांच्या मागे अंतर ठेवून थांबलेलं बरं.

लांब पल्ल्याच्या ब्रेव्हे या सायकलप्रकारात २०० किलोमीटरला साडेतेरा तास आणि ३००ला वीस तास मिळतात, म्हणजे अंधार आलाच. तिथं पुढे-मागे दिवा आणि अंगावर प्रकाश परावर्तित करणारं जॅकेट असल्याशिवाय रात्री सायकल चालवू देत नाहीत. हौशी मंडळी हा नियम पाळतात. पण खानदेशात हिवाळ्याच्या पहाटे सर्वाधिक सायकली हौशी माणसांच्या नसतातच. त्या पेपर टाकणाऱ्या मुलांच्या असतात, एमआयडीसीत पाळीला निघालेल्या कामगारांच्या असतात, आणि शाळेला निघालेल्या मुलींच्या असतात. राज्याच्या मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकली मिळतात आणि त्यांच्यामुळे कितीतरी जणींची शाळा टिकली आहे. २०२४ साली शासनानं चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असं ठरवलं. सायकलवर येणाऱ्या मुली त्याहून मोठ्या, त्यांना तो निर्णय लागू नाही. सकाळच्या सत्राची शाळा सातला भरत असेल तर जानेवारीत त्या सूर्योदयाआधीच रस्त्यावर असतात, आणि अंगावर बहुधा गडद रंगाचं स्वेटर असतं.

त्यांच्यासाठी फार खर्चाचं काही लागत नाही. गाड्यांच्या नंबरप्लेटची कामं करणाऱ्या दुकानात रेडियमची पट्टी मिळते. मागच्या मडगार्डवर लाल, पुढे पांढरी, दोन्ही पायडलच्या कडांना पिवळी. पायडलची पट्टी सर्वांत मोलाची, कारण ती वर-खाली हलते आणि हलणारी चमक दुरूनही सायकल म्हणून ओळखू येते. चाकाच्या आऱ्यांमध्ये एखादा परावर्तक अडकवला तर बाजूनं येणाऱ्यालाही दिसतं. दप्तर पाठीवर असेल तर मागच्या बाजूला एक आडवी पट्टी, कारण कॅरिअरवरचा दिवा दप्तरानं किंवा ओढणीनं झाकला जातो. ओढणी चेनकव्हरपासून लांब, खांद्यावर गाठ मारून घ्यावी. शाळेनं डिसेंबर लागण्याआधी एक शनिवार यासाठी दिला, गावातल्या सायकलवाल्या मिस्त्रीला बोलावलं, तर पट्ट्या, ब्रेक, वालट्यूब आणि घंटी ही सगळी कामं एका सकाळीत उरकतात.